पॉर्नची सवय कुणाला सांगायची?

पॉर्नवर आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उपदेश होतच नाहीत असं नाही, पण जे होतात ते जवळजवळ एकाच पद्धतीचे असतात. तरुणांच्या सभेत वक्ता मोबाईलचे धोके सांगतो, मत्तय 5:28 वाचतो, उजवा डोळा उपटून टाकण्याचं वचन वाचतो, मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगतो आणि ज्यांना ही सवय सोडायचीय त्यांनी मनातल्या मनात देवाला शब्द द्या म्हणतो. सगळे शब्द देतात, खरंच मनापासून देतात, आणि काही दिवसांनी तो शब्द मोडतो आणि दिल्याचंही कुणाला कळलेलं नसतं आणि मोडल्याचंही कळत नाही. मला इथे जे म्हणायचंय ते एवढंच आहे की या सवयीत अडकलेल्या विश्वासणाऱ्याने अशा शपथा भरपूर घेऊन झालेल्या असतात, आता त्याला एक माणूस हवा असतो ज्याला तो हे तोंडाने सांगू शकेल, आणि तो माणूस मिळवून देणं ही मंडळीची जबाबदारी आहे, ती आपण पार पाडत नाहीयोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की मी पापाला पाप म्हणायला कचरतोय. पॉर्न पाहणं पाप आहे. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात कामदृष्टीने बघण्यालाच मनातला व्यभिचार म्हटलंय, आणि तसं म्हणताना दोष बघणाऱ्यावर ठेवलाय, बाईच्या कपड्यांवर किंवा वागण्यावर नाही. पौल तीमथ्याला सांगतो की तरुण स्त्रियांशी पूर्ण शुद्ध मनाने बहिणींसारखं वाग (1 तीमथ्य 5:2). स्क्रीनवरची मुलगीसुद्धा कुणाची तरी बहीण आहे हे वाक्य आपण खूपदा ऐकलंय, पण त्याच्यामागे काय असतं ते आपण बघत नाही. गर्ल्स डू पॉर्न नावाच्या अमेरिकेतल्या साईटचं प्रकरण बघा. मॉडेलिंगचं काम आहे म्हणून तरुण मुलींना बोलवायचं, व्हिडिओ इंटरनेटवर कधीच येणार नाही, परदेशात डीव्हीडीवर विकला जाईल असं पटवायचं, आणि मग तो सगळ्या जगासमोर टाकायचा. 22 जणी कोर्टात गेल्या, जानेवारी 2020 मध्ये सॅन डिएगोच्या न्यायाधीशाने त्यांना जवळपास 1 कोटी 30 लाख डॉलर देण्याचा निकाल दिला, आणि फौजदारी खटल्यात त्या धंद्यातल्या लोकांना तुरुंगवासही झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने पॉर्नहबवर पेमेंट बंद केलं आणि त्या साईटला ओळख न पटलेल्या लोकांनी टाकलेले लाखो व्हिडिओ काढावे लागले, कारण त्यात अत्याचाराचे आणि अल्पवयीन मुलांचे व्हिडिओ असल्याचं जगासमोर आलं होतं. आपण जे बघतोय त्यातली व्यक्ती तिथे स्वतःच्या मर्जीने आहे का हे बघणाऱ्याला कळायचा मार्गच नाही. म्हणून ‘स्वतःला शुद्ध ठेव’ यासोबत ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ हेही या विषयात सांगितलं गेलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं, कारण अडकलेला माणूस आधीच सतत स्वतःचाच विचार करत असतो, मी किती वाईट, मी कितीदा पडलो, मी किती दिवस टिकलो, आणि त्यातून त्याची नजर दुसऱ्या माणसाकडे वळणं हीसुद्धा सुटकेचीच सुरुवात असते.

आता मुख्य प्रश्न. हे पाप आहे हे पक्कं माहीत असलेला, वचनं पाठ असलेला, रडून प्रार्थना करणारा माणूस पुन्हा तिथेच का जातो? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं इच्छाशक्ती कमी आहे किंवा पश्चात्ताप खरा नाही. पण जरा जवळून बघितलं तर काय दिसतं, की पडल्यानंतर त्याला स्वतःची किळस येते, मग देवासमोर कुठल्या तोंडाने जायचं म्हणून प्रार्थना सुटते, प्रार्थना सुटली की सहभागितेला जायला नको वाटतं कारण तिथे सगळे आपल्याला चांगला मुलगा समजतात आणि आपण ढोंगी आहोत असं आतून टोचत राहतं, मग हळूहळू तो सगळ्यांपासून लांब होतो, एकटा पडतो, आणि एकटं पडल्यावर, थकल्यावर, मन खाली गेल्यावर झटपट आराम देणारी एकच गोष्ट त्याला माहीत असते. म्हणजे ही लाज त्याला थांबवत नाही, तीच त्याला परत तिकडे नेते. एदेन बागेतही पहिल्या पापानंतरची पहिली हालचाल हीच होती, पानं गुंडाळली आणि झाडांआड लपले. आणि देवाने काय केलं तर तो त्यांना शोधत आला आणि विचारलं, तू कुठे आहेस? पौल करिंथकरांना लिहितो की देवाला आवडणारं दुःख पश्चात्ताप घडवतं आणि जगाचं दुःख मरण घडवतं (2 करिंथ 7:10), म्हणजे पापाबद्दलचं दुःख दोन प्रकारचं असतं हे पवित्र शास्त्र स्वतः सांगतं, आणि उपदेशातून आपण यातलं कुठलं दुःख लोकांच्या मनात पेरतोय हे बघायला नको का?

याला अभ्यासाचाही आधार आहे. जोशुआ ग्रब्ज नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, आणि त्यातून दिसतं की धार्मिक माणसं पॉर्न कमी बघत असली तरी स्वतःला ‘ॲडिक्ट’ समजण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त असतं, कारण आपण ज्याला चूक मानतो तेच आपण करतोय हा ताण त्यांना सतत खात असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी 11 मध्ये, लैंगिक वागण्यावर ताबा न राहण्याचा विकार आहे, पण तिथेही लिहिलंय की निव्वळ नैतिक अपराधीपणामुळे होणारा त्रास एवढ्यावरून हा विकार ठरवू नये. काही विश्वासणारे हे वाचून बिथरतात, त्यांना वाटतं शास्त्रज्ञ म्हणतायत की गिल्ट सोडा म्हणजे प्रॉब्लेम संपला. मी तसं वाचत नाही. मला त्यात असं दिसतं की पाप आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या तर माणसाला मदत करता येते. ज्याच्या कामावर, झोपेवर, नात्यांवर परिणाम झालाय, जो महिनोन्‌महिने थांबायचा प्रयत्न करूनही थांबू शकत नाही, त्याने काऊन्सेलरकडे किंवा डॉक्टरकडे जावं आणि ते विश्वासाच्या कमतरतेचं लक्षण अजिबात नाही. आणि जो अधूनमधून पडतो पण स्वतःला कायमचा बिघडलेला समजतो, त्याला रोमकरांस 8:1 ऐकवायची गरज आहे, जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच.

या विषयात मला पुन्हा पुन्हा येशूचे शिष्य यहूदा आणि पेत्र आठवतात. दोघांनीही येशूला एकाच रात्री दगा दिला, यहूदाने त्याला धरून दिलं आणि पेत्राने त्याला ओळखतच नाही म्हटलं. यहूदाला पस्तावा झाला नाही असं आपण धरून चालतो, पण मत्तय 27 उघडून बघा, त्याला पस्तावा झाला, त्याने तीस नाणी परत आणली, आणि मुख्य याजकांसमोर तोंडाने कबूल केलं की मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं. कबुली झाली, भरपाई करायची तयारी झाली, आणि धर्माच्या गादीवर बसलेल्या माणसांचं उत्तर काय होतं? त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. तो तिथून निघाला आणि एकटाच मेला. पेत्र रडला आणि बाकीच्या शिष्यांमध्ये परत आला, त्यांनी त्याला आत घेतलं, आणि पुढे सरोवराच्या काठी येशूने त्याला जेवायला बसवून तीन वेळा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. यहूदाची जबाबदारी त्या याजकांच्या एका वाक्याने संपत नाही हे मला कळतं. पण जो माणूस पाप सांगायला आला त्याला ‘तुझं तू बघ’ म्हणणारे लोक मंदिरातले होते हे मला विसरता येत नाही, कारण आज पण एखादा मुलगा हिंमत करून सांगतो तेव्हा त्याला “अरे, तू? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती” असं ऐकायला मिळतं, किंवा त्याची संडेस्कूलची सेवा गुपचूप काढून घेतली जाते आणि का ते सगळ्यांना कळतं. तो परत कुणाला कधी सांगेल?

कबुलीबद्दल आपण प्रोटेस्टंट लोक थोडे अडखळतो, आपल्याला वाटतं पाप फक्त देवाला सांगायचं, मध्ये माणूस कशाला. पण याकोब 5:16 सरळ आहे, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि बरे व्हावं म्हणून एकमेकांसाठी प्रार्थना करा. क्षमा देवच करतो, एकट्याने मागितली तरी करतो, 1 योहान 1:9 तेच सांगतं. पण याकोब बरं होण्याबद्दल बोलतोय आणि ते त्याने ‘एकमेकांशी’ जोडलंय. दावीदाने 32 व्या स्तोत्रात म्हटलंय की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, आणि ही सवय लपवत जगणाऱ्या कुणालाही ती ओळ समजावून सांगावी लागत नाही. चौथ्या शतकातल्या संत ऑगस्टीनचं उदाहरण उपदेशात नेहमी येतं, तरुणपणी ‘देवा मला शुद्धता दे पण इतक्यात नको’ अशी प्रार्थना करणारा तो माणूस 386 साली मिलानमधल्या एका बागेत बदलला, पण त्या बागेत त्याच्यासोबत त्याचा मित्र अलिपियस होता, रोमकरांस पत्रातलं वचन वाचून झाल्यावर त्याने आधी त्यालाच दाखवलं आणि मग दोघं मिळून आत आईला सांगायला गेले, आणि पुढच्या वर्षी दोघांचा बाप्तिस्माही सोबतच झाला, ही गोष्ट आपण कधी सांगत नाही. आपण त्याला एकट्याने लढलेला वीर करून टाकतो.

आणि जर्मन पाळक बोनहॉफर. सवंग कृपेवर, म्हणजे पश्चात्ताप न करता मिळणाऱ्या फुकटच्या क्षमेवर, सगळ्यात कडक शब्दांत लिहिणारा माणूस हाच. पण हाच माणूस 1935 पासून फिंकेनवाल्डमधल्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, विद्यार्थ्यांना प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगायचा आणि त्याने स्वतः आपल्याच एका विद्यार्थ्याजवळ बसून कबुली दिली होती. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती सेमिनरी बंद पाडली. जे लोक म्हणतात की एवढी मोकळीक दिली तर पाप हलकं होईल, त्यांनी याचा विचार करावा. कारण ‘देवा माफ कर’ असं मनात म्हणून कूस बदलून झोपणं किती सोपं आहे, आणि समोर बसलेल्या भावाच्या डोळ्यात बघून ‘मी काल रात्री पुन्हा पाहिलं’ हे म्हणणं किती जड आहे. पाप सगळ्यात जड तेव्हाच वाटतं जेव्हा ते मोठ्याने बोलावं लागतं, आणि क्षमाही तेव्हाच खरी वाटते जेव्हा ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते. पौलावर पण हाच आक्षेप घेतला होता, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, आणि त्याने ‘कधीच नाही’ म्हटलं पण म्हणून कृपा कमी करून सांगितली नाही. तीताला तर तो लिहितो की कृपाच आपल्याला वाईट वासना नाकारायला शिकवते (तीत 2:11-12). शिकवण्याचं काम त्याने भीतीकडे दिलेलं नाही, लाजेकडे पण नाही.

सांगायचं कुणाला आणि काय? वयाने थोडा मोठा, पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई, ज्याच्या तोंडून तुम्ही दुसऱ्या कुणाचं गुपित कधी ऐकलेलं नाही असा माणूस निवडा. नुसतं ‘माझ्यासाठी प्रार्थना करा, मोहात आहे’ एवढं बोलून थांबू नका, त्याने काहीच सांगितलं जात नाही, पॉर्न हा शब्द वापरा, किती दिवसांपासून आणि साधारण केव्हा तेही सांगा. वर्णन करायची गरज नाही, ऐकणाऱ्यानेही खोदून विचारू नये. आणि ऐकणाऱ्याने गलतीकरांस 6:1 समोर ठेवावं, सौम्यपणे सावरा आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा. सांगितल्याबद्दल त्याला धन्यवाद द्या, तिथेच त्याच्यासोबत प्रार्थना करा, आणि दोन दिवसांनी आपणहून फोन करा, कारण सांगून झाल्यावर त्याला सगळ्यात जास्त भीती याचीच असते की आता हा माझ्याशी पूर्वीसारखा बोलेल का. एक अपवाद मात्र पक्का ठेवायचा, त्यात लहान मुलांचं काही असेल किंवा कुणावर अत्याचार होत असेल तर ते गुपित राहत नाही, ते पोलिसांकडे जायला हवं आणि पीडित व्यक्तीला आधी सुरक्षित करायला हवं.

मग दोघांनी बसून बोलायचं कशावर? मला वाटतं ‘पडलास का’ या प्रश्नापेक्षा ‘त्या दिवशी काय झालं होतं’ हा प्रश्न जास्त उपयोगी आहे. दावीद राजाचं बथशेबाबरोबरचं पाप 2 शमुवेल 11 मध्ये गच्चीवरून सुरू होत नाही, ते पहिल्याच वचनात सुरू होतं, राजे लढाईला जातात त्या दिवसांत तो घरी राहिला, संध्याकाळी पलंगावरून उठला आणि गच्चीवर फिरू लागला. रिकामा, सगळे बाहेर गेलेले, काही काम नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या संन्याशाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती, त्यात कामवासना आहेच पण वेगळा म्हणून असा एक विचार आहे ज्यात दुपारी सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, कशातच मन लागत नाही, आपली जागा आणि आपलं काम नकोसं होतं, आणि त्याच्या मते हा सगळ्यात जड होता. मोबाईल हातात घेऊन नुसतं वर वर सरकवत बसलेल्या माणसाला ही अवस्था लगेच ओळखता येईल. बऱ्याच जणांचं पॉर्न वासनेने सुरूच होत नाही, ते कंटाळ्याने, अपयशाने, भांडणाने, एकटेपणाने, अपुऱ्या झोपेने सुरू होतं. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, आधी झोपू दिलं, मग देवदूताने उठवून खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं (1 राजे 19). म्हणून रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणं, वेळेवर झोपणं, आठवड्यातून एकदा कुणासोबत तरी जेवणं या गोष्टी साध्या वाटतात पण माझ्या दृष्टीने त्या साधनेचाच भाग आहेत. फिल्टर आणि ॲप लावा, जरूर लावा, मालकाच्या बायकोने धरलं तेव्हा योसेफ अंगावरचं वस्त्र सोडून पळाला होता आणि पळून जाण्यात कसलाही कमीपणा नाही. पण येशूने सांगितलेलं ते झाडून ठेवलेलं रिकामं घर विसरू नका, ज्यात बाहेर गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात आत्मे घेऊन परत आला (मत्तय 12:43-45). फिल्टर घर झाडून देतो, त्यात राहायला कोण येणार हा प्रश्न उरतोच.

दिवस मोजण्याबद्दल पण बोलायचंय. किती दिवस स्वच्छ राहिलो हे मोजायची खूप जणांना सवय असते, सुरुवातीला त्याने हुरूप येतो हे मान्य, पण मग एक रात्र घसरली की आकडा शून्य होतो आणि माणसाला वाटतं सगळंच शून्य झालं, आणि आता शून्यच आहे तर अजून एकदा पाहिलं तर काय बिघडलं, असं करत आठवडा जातो. नीतिसूत्रे 24:16 म्हणतं नीतिमान सात वेळा पडतो तरी पुन्हा उठतो, म्हणजे पडलेल्यालाही तिथे नीतिमानच म्हटलंय. मोजायचंच असेल तर पडल्यानंतर किती लवकर सांगितलं ते बघा, आधी महिना लागायचा, आता दुसऱ्या दिवशी फोन केला, ही मोठी वाढ आहे. आणि शनिवारी रात्री पडलात म्हणून रविवारी प्रभुभोजन टाळू नका. 1 करिंथ 11:28 अर्धंच वाचलं जातं, माणसाने आत्मपरीक्षा करावी, आणि मग त्या भाकरीतून खावं असं ते पूर्ण वचन आहे. सकाळी आपल्या माणसाला सांगा, पश्चात्ताप करा आणि या. ते मेज ज्याने मांडलं त्याला त्या रात्री तिथे बसलेल्या प्रत्येकाचं माहीत होतं.

यात मुली आणि स्त्रियाही अडकलेल्या असतात आणि त्यांची अवस्था जास्त वाईट असते, कारण हा विषय फक्त पुरुषांच्या सभेत निघतो आणि स्त्रियांच्या सभेत फार तर नवऱ्यासाठी प्रार्थना करा एवढं सांगितलं जातं, त्यामुळे तिला वाटतं की असं वागणारी बाई जगात मी एकटीच. आणि लग्न झालेल्यांनी जोडीदारापासून हे कायमचं लपवू नये असं माझं मत आहे, पण आधी पाळकाशी किंवा काऊन्सेलरशी बोलून, नीट वेळ काढून सांगावं, आणि सांगून आपलं मन हलकं झालं म्हणून समोरच्यानेही लगेच माफ करून टाकावं अशी अपेक्षा धरू नये. बायकोला धक्का बसतो, राग येतो, तिचा विश्वास परत यायला खूप वेळ लागू शकतो, आणि मंडळीने तिला क्षमेची वचनं ऐकवत घाई करणं हा तिच्यावर दुसऱ्यांदा होणारा अन्याय आहे. तिलाही ऐकून घेणारं कुणीतरी हवंच.

राहता राहिले पाळक. त्यांच्यातही ही सवय असते आणि त्यांना सांगायला कुणीच नसतं, कारण सांगितलं तर सेवा जाईल, घर जाईल. पंचकमिटी आणि वरिष्ठांनी हे आधीच ठरवून लिहून ठेवायला हवं, की जो स्वतःहून येऊन सांगेल त्याला विश्रांती, काऊन्सेलिंग आणि वेळ मिळेल, आणि त्या काळात त्याचं कुटुंब रस्त्यावर येणार नाही. ते ठरलं की पाळक व्यासपीठावरून या विषयावर वेगळ्या आवाजात बोलू शकतील. आणि तेवढं होईपर्यंत निदान इतकं तरी करता येईल, की रविवारच्या सूचनांमध्ये एका भावाचं आणि एका बहिणीचं नाव जाहीर करायचं, कुठल्या दिवशी ते भेटतील ते सांगायचं, आणि सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणायचं की पॉर्नच्या सवयीबद्दल बोलायचं असेल तर यांच्याकडे या, तुमची सेवा त्यामुळे काढली जाणार नाही.